‘लॉम्बर्ड स्ट्रीट’ आणि मागे राहणाऱ्यांचा हिशेब

पैशाच्या बाजारावरील ग्रंथाचे परीक्षण वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात कशाला, अशी शंका आमच्या काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे समाधान आम्ही असे करतो की, ज्या ग्रंथाने आपल्या विषयाची भाषा घडविली, ज्यातील एका सूत्राचा आधार निरनिराळ्या देशांच्या मध्यवर्ती बँका आजही संकटसमयी घेतात, आणि जो दीडशे वर्षांनंतरही एखाद्या चांगल्या प्रवासवर्णनाइतक्या आवडीने वाचता येतो, तो वाङ्मयाच्या कक्षेबाहेर ठेवणे म्हणजे ती कक्षाच आखूड करणे होय. वॉल्टर बॅजट या इंग्रज निबंधकाराचा ‘लॉम्बर्ड स्ट्रीट’ हा तो ग्रंथ. तो १८७३ साली प्रसिद्ध झाला. त्याची स्तुती आजवर पुष्कळ झाली आहे आणि ती बहुतांशी योग्यच आहे. परंतु २०२० पासून २०२३ पर्यंतच्या अवघ्या तीन वर्षांत मुंबई, लंडन आणि कॅलिफोर्निया येथे ज्या घटना घडल्या, त्यांच्या उजेडात तो पुन्हा वाचला असता त्यातील एक मोठी उणीव नजरेत भरते. भीतीने धावत सुटणाऱ्यांचा विचार बॅजटने फार सूक्ष्मपणे केला. जे आपल्या जागी स्वस्थ बसतात त्यांचा मात्र केला नाही. आमचे बहुतेक वाचक या दुसऱ्या वर्गात मोडतात. नोकरीतून निवृत्त होताना मिळालेली रक्कम, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूस टाकलेले पैसे, हे सारे कोणत्या ना कोणत्या बँकेत वा फंडात असते, आणि रोज सकाळी त्याचा भाव पाहण्याची त्यांस सवय नसते. तेव्हा या उणिवेशी त्यांचा संबंध निकटचा आहे.

बॅजटचा जन्म १८२६ चा. त्याचे वडील पेढीच्या धंद्यात होते व त्याने स्वतःही त्या धंद्यात काम केले होते. १८६१ पासून १८७७ साली मृत्यू येईपर्यंत तो ‘इकॉनॉमिस्ट’ या पत्राचा संपादक होता. त्या पत्राचा संस्थापक जेम्स विल्सन हा त्याचा सासरा. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारच्या खजिन्याची घडी बसविण्यासाठी जो कलकत्त्यास आला, ज्याने १८६० साली या देशात प्राप्तिकर सुरू केला आणि त्याच वर्षी तेथेच जो मरण पावला, तोच हा विल्सन. सारांश, बॅजटने लिहिले ते ग्रंथालयात बसून नव्हे. ज्या पेठेचे वर्णन त्याने केले तिच्या उंबऱ्यावर उभे राहून लिहिले. ग्रंथास ‘पैशाचा बाजार’ असे भारदस्त नाव न देता त्याने एका रस्त्याचे नाव दिले, आणि आपणांस कल्पनांविषयी नव्हे तर प्रत्यक्ष वस्तूंविषयी बोलावयाचे आहे असे त्याचे कारणही आरंभीच सांगून टाकले. या प्रतिज्ञेस तो शेवटपर्यंत जागला आहे. हुंड्यांचे दलाल, खाजगी पेढीवाले, बँक ऑफ इंग्लंडचे संचालक ही सारी मंडळी त्याच्या पृष्ठांतून हिंडतात, बोलतात, घाबरतात. शास्त्रीय विषयावरील ग्रंथात माणसे दिसणे हा गुण दुर्मिळ आहे, आणि या गुणाबद्दल आम्ही त्यास पूर्ण गुण देतो.

ग्रंथामागची मुख्य घटना १८६६ सालची. ओव्हरएंड गर्नी ही हुंड्यांचा व्यवहार करणारी लंडनमधील अत्यंत प्रतिष्ठित पेढी. तिने १० मे रोजी देणी थांबविली. दुसऱ्या दिवशी सारा लंडन आपापले पैसे परत मागावयास निघाला. बँक ऑफ इंग्लंडने ओव्हरएंड गर्नीस वाचविले नाही. पण इतरांस चांगल्या तारणावर कर्ज देण्यास हात आखडला नाही. त्या एका दिवसात तिने चाळीस लाख पौंडांहून अधिक रक्कम बाजारास दिली आणि सकाळी ५७ लाख पौंडांच्या घरात असलेली तिची राखीव गंगाजळी संध्याकाळपर्यंत ३० लाखांच्या आसपास येऊन ठेपली. व्याजाचा दर १० टक्क्यांवर चढविण्यात आला व तो तीन महिने तसाच राहिला. या अनुभवातून बॅजटने आपले सूत्र काढले. ते असे : भीतीच्या वेळी मध्यवर्ती बँकेने सढळ हाताने कर्ज द्यावे, चढ्या व्याजाने द्यावे, आणि साध्या वेळी जे तारण चांगले समजले जाते त्या तारणावर द्यावे. चढे व्याज यासाठी की, खरी गरज नसलेल्याने केवळ भित्रेपणाने पैसा साठवू नये. चांगले तारण यासाठी की, बुडीत धंद्यास सार्वजनिक पैशाने पोसले जाऊ नये.

हे सूत्र किती सुंदर आहे पाहा. त्यात दया आहे, शिस्त आहे आणि व्यवहारही आहे. शिवाय ते सांगणाऱ्याने स्वतःची फसवणूक करून घेतलेली नाही. साऱ्या देशाची गंगाजळी एकाच बँकेच्या तिजोरीत असावी ही व्यवस्था बॅजटला मुळात पसंत नव्हती. पण ती आता इतकी रुजली आहे की ती उपटून टाकण्याची भाषा करणे व्यर्थ, तेव्हा आहे तीच नीट चालवा, असे तो म्हणतो. सुधारकाचा आवेश न आणता सुधारणा सुचविण्याची ही हातोटी आमच्या लेखकांनी अवश्य अभ्यासावी.

आता आक्षेपाकडे वळू. सूत्रातील तिसरा शब्द, ‘चांगले तारण’, हा सर्व इमारतीचा पाया आहे. तारण चांगले की वाईट हे भीती उत्पन्न होण्यापूर्वीच ठरलेले असते आणि भीतीच्या काळातही ते तसेच राहते, असे बॅजट गृहीत धरतो. त्याच्या समकालीन मुंबईची गोष्ट पाहिली असती तरी या गृहीताविषयी त्यास शंका आली असती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला आणि त्या पैशाच्या पुरात बॅक बे समुद्र हटविण्याच्या कंपनीसारख्या नाना कंपन्यांचे शेअर मुंबईकरांनी डोळे मिटून घेतले. बँक ऑफ बॉम्बेने या शेअरांवर कर्जे दिली. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्यावरील तारणाचे पूर्वीचे निर्बंध सैल केले होतेच. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला, आणि जो तो शेअर विकावयास धावला. घेणारा कोणी उरला नाही. १८४० साली स्थापन झालेली ती बँक १८६८ मध्ये बंद करावी लागली. सर दिनशा वाच्छा यांनी तरुणपणी हा कोलाहल पाहिला होता, आणि मुंबईच्या या आर्थिक प्रकरणाचा इतिहास त्यांनी १९१० साली इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केला. तो ग्रंथ बॅजटच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचावा. बॅजटच्या लंडनमध्ये तारण टिकले आणि भीती शमली. वाच्छांच्या मुंबईत भीतीबरोबर तारणही वितळले. कोणी म्हणेल की, ते शेअर मुळातच पोकळ होते. पुष्कळसे होते, हे खरे. तथापि पोकळ आणि भरीव या दोहोंचा भाव एकदम का कोसळतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्याचे उत्तर आमच्या खेडेगावातील कोणताही शेतकरी देऊ शकेल. दुष्काळाच्या वर्षी वैरण संपते तेव्हा तालुक्यातील सारे शेतकरी एकाच बाजाराच्या दिवशी बैल घेऊन उभे राहतात. बैल तोच असतो, त्याचे खांदे तेच, त्याचे वय तेच. परंतु त्या बैलाची खरी पारख ज्यांना आहे, जे एरवी तो आनंदाने विकत घेतील, ते सारे त्या दिवशी स्वतःच आपला बैल विकण्यास आलेले असतात. मग खाटीक सांगेल तो भाव. बैलाची किंमत उतरण्याचे कारण बैलात नसते. ते बाजारात जमलेल्या माणसांच्या सारख्याच अडचणीत असते. आन्द्रे श्लायफर आणि रॉबर्ट विष्णी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९२ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात हेच तत्त्व कारखान्यांच्या मालमत्तेस लावून दाखविले : मालाचे जे स्वाभाविक गिऱ्हाईक, तेच विक्रेत्याबरोबर संकटात सापडले, तर माल मातीमोल जातो.

यावरून एक मूलगामी गोष्ट ध्यानात येते. एखादा रोखा हवा तेव्हा विकून त्याचे रोकड पैसे करता येणे, यास अर्थशास्त्रात रोखता किंवा तरलता म्हणतात, आणि सोन्याचा पिवळेपणा जसा सोन्यात असतो तशी रोखता रोख्यात असते असे आपण बोलत असतो. वस्तुतः ती रोख्यात नसतेच. ती रोखा बाळगणाऱ्यांच्या परस्परसंबंधात असते. एकास हवी असेल तेव्हा ती असते, सर्वांस हवी असते तेव्हा ती नसते. बँकेचे आश्वासनही याच जातीचे. कोणीही ठेवीदार केव्हाही पैसे काढू शकतो हे खरे, पण सर्व ठेवीदार एकाच दिवशी काढू शकत नाहीत. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी १९८३ साली दाखवून दिले की, अगदी सचोटीने चालणाऱ्या बँकेवरही केवळ ‘इतर जण धावतील’ या भीतीने झुंबड उडू शकते, आणि त्या परिस्थितीत धावणारा मनुष्य मूर्ख ठरत नाही. या कामाबद्दल त्यांना बेन बर्नांके यांच्यासह २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बँकेची गोष्ट बॅजटला ठाऊक होती. फंडाची गोष्ट मात्र त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आली नाही. त्याचा ग्रंथ निघण्यापूर्वी पाच वर्षे, १८६८ साली, लंडनमध्ये फॉरेन अँड कलोनियल ही लहान बचतदारांचे पैसे एकत्र करून निरनिराळ्या सरकारांच्या रोख्यांत गुंतविणारी संस्था निघाली होती. पण तिच्यासारख्या संस्थांतून बाहेर पडणारा मनुष्य आपला हिस्सा बाजारात दुसऱ्या कोणास विकतो. संस्थेच्या तिजोरीस हात लागत नाही. हिस्सेदार मागेल त्या दिवशी त्याचा हिस्सा फंडाने स्वतः परत घ्यावा, हा प्रकार १९२४ साली अमेरिकेत बोस्टन येथे रूढ झाला आणि आपल्याकडील बहुतेक म्युच्युअल फंड आज त्याच वळणाचे आहेत. या वळणात सोय मोठी आहे, आणि धोका त्या सोयीच्याच पोटात आहे.

हिशेब मांडून पाहू. शंभर हिस्सेदारांनी प्रत्येकी १०० रुपये घालून १०,००० रुपयांचा फंड केला. त्यापैकी २,००० रुपये रोकड आहेत आणि ८,००० रुपयांचे कंपन्यांचे रोखे आहेत; हे रोखे क्वचितच विकले जातात. काही अशुभ वार्ता येते आणि वीस हिस्सेदार बाहेर पडतात. त्यांना शंभर-शंभर रुपये मिळतात, रोकड संपते. आणखी वीस निघतात. त्यांनाही आदल्या हिशेबाच्या भावाने २,००० रुपये द्यावयाचे आहेत, म्हणून रोखे विकावे लागतात. आणि घाईची विक्री असल्याने गिऱ्हाईक १० टक्के कमी देते. २,००० रुपये उभे करण्यासाठी वहीतील सुमारे २,२२२ रुपयांचे रोखे जातात. उरलेले ५,७७८ रुपयांचे रोखेही आता नव्या भावाने मांडावयाचे, म्हणजे ५,२०० रुपये. त्यांचे वाटेकरी साठ. प्रत्येकाच्या वाट्यास ८६ रुपये ६७ पैसे. जे चाळीस जण धावले त्यांना पूर्ण शंभर मिळाले. जे साठ जण विश्वासाने बसून राहिले त्यांनी धावणाऱ्यांचा खर्च भरला. शेजारच्या दुसऱ्या फंडाकडे हेच रोखे असतील, तर तेथून एकही मनुष्य बाहेर पडला नसता त्याचाही भाव उतरतो, आणि तो उतरला हे पाहून तेथील हिस्सेदारही पायांत वहाणा घालू लागतात. ज्या बँकेने याच रोख्यांवर कर्ज दिले असेल ती अधिक तारण मागते. एका घराची आग दुसऱ्या घराला लागते ती अशी. यात कोणी लबाडी केलेली नाही, कोणतीही कंपनी बुडालेली नाही. तरी नुकसान खरे आहे, आणि ते अन्याय्य रीतीने वाटले गेले आहे.

हा केवळ कागदी हिशेब नव्हे. आमच्या जुन्या वाचकांना युनिट ट्रस्टची १९६४ ची पहिली योजना आठवत असेल. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली तेव्हा मध्यमवर्गीय घरांतून केवढी कालवाकालव झाली होती! त्याहून बोधप्रद प्रकरण २०२० चे. करोनाच्या साथीमुळे देश बंद पडला असता २३ एप्रिल रोजी फ्रँकलिन टेंपलटन म्युच्युअल फंडाने आपल्या सहा कर्जरोखे-योजना एकाएकी बंद केल्या. त्यांत तीन लाखांहून अधिक लोकांचे सुमारे २५ हजार कोटी रुपये होते. या योजनांनी अव्वल पत नसलेल्या अनेक कंपन्यांचे रोखे अधिक व्याजाच्या आशेने घेतले होते. साध्या दिवसांतही या रोख्यांस गिऱ्हाईक थोडे. पैसे मागणारांची रांग वाढली तेव्हा काही योजनांनी बँकांकडून कर्ज काढून देणी भागविली; अखेरीस दार लावून घेण्यावाचून मार्ग उरला नाही. दुसऱ्या घरास आग लागण्यास वेळ लागला नाही. त्या एकट्या एप्रिल महिन्यात देशातील सर्व फंडांच्या याच प्रकारच्या योजनांतून १९ हजार कोटींहून अधिक रक्कम बाहेर पडली. २७ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने म्युच्युअल फंडांसाठी ५० हजार कोटींची खास कर्जसोय बँकांमार्फत जाहीर केली. तिची उचल फारच थोडी झाली, पण घोषणेनेच धीर आला. बॅजटचा आत्मा त्या दिवशी संतुष्ट झाला असेल.

पुढे काय झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, हिस्सेदारांचे मत घेण्यात आले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये पैशांचा पहिला हप्ता लोकांच्या हाती पडला. रोखे सावकाश विकता विकता, मुदती भरत भरत, अखेर हिस्सेदारांना बंद होण्याच्या दिवशीच्या मूल्याहूनही अधिक रक्कम मिळाली. म्हणजे माल सर्वस्वी कुजका नव्हता. त्याला वेळ हवा होता, आणि फंडाने नेमके तेच देण्याचे नाकबूल करून ठेवले होते. मागाल त्या दिवशी पैसे, हे त्याचे आश्वासन त्याच्या मालाशी विसंगत होते. २०१९ साली रिझर्व्ह बँकेने ज्या पंजाब आणि महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तिची गोष्ट वेगळी. तेथे एकाच बांधकाम-समूहास दिलेली प्रचंड कर्जे लपविलेली होती. तेथे रोग मालातच होता. या दोन रोगांची गल्लत करू नये. पण दोन्ही ठिकाणी शिक्षा मात्र एकाच प्रकारच्या माणसास झाली. जे मार्चमध्येच निघून गेले त्यांना दुसऱ्या दिवसापासून आपले पैसे वापरता आले. जे राहिले त्यांच्यापैकी कोणाची शस्त्रक्रिया, कोणाची घराची नोंदणी, कोणाची शाळेची फी दहा महिने अडून राहिली असेल. पैसे पुरे मिळाले, हे त्यांना सांगावयाचे उत्तर नव्हे. गरजेच्या वेळी न मिळालेला पैसा नंतर मिळाला तरी गेलेली वेळ परत येत नाही.

येथवर वाचून बॅजटचा एखादा अभिमानी म्हणेल की, हलक्या पतीच्या रोख्यांचे सोडा. तारण उत्तम असते तर त्याचे सूत्र अबाधित राहिले असते. या बचावास लंडननेच उत्तर दिले आहे. ब्रिटिश सरकारच्या कर्जरोख्यांहून चांगले तारण बॅजटच्या कल्पनेतही आले नसते. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील सरकारने २३ तारखेस करकपातीचा एक अर्थसंकल्पवजा आराखडा मांडला आणि या रोख्यांचे भाव घसरू लागले. अनेक निवृत्तिवेतन-निधींनी विशिष्ट फंडांमार्फत हेच रोखे तारण ठेवून कर्ज उचलले होते. भाव घसरताच त्यांच्याकडे अधिक तारण मागण्यात आले. ते देण्यासाठी त्यांनी हेच रोखे विकले. विकल्याने भाव आणखी घसरला. म्हणून आणखी तारण, आणखी विक्री. अवघ्या पाच दिवसांत, २८ सप्टेंबरला, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावे लागले, आणि तेही कर्ज देऊन नव्हे, तर रोखे स्वतः विकत घेऊन. १४ ऑक्टोबरपर्यंत तिने १९.३ अब्ज पौंडांचे रोखे घेतले आणि जानेवारी २०२३ पर्यंत ते विकूनही टाकले. बॅजटच्या शहरात, बॅजटच्या बँकेला, बॅजटचे सूत्र बाजूस ठेवून अखेरच्या सावकाराऐवजी अखेरचे गिऱ्हाईक व्हावे लागले.

सहा महिन्यांनी हाच पाठ कॅलिफोर्नियाने गिरविला. सिलिकॉन व्हॅली बँकेजवळ अमेरिकन सरकारचे आणि सरकारी पाठबळाचे रोखे होते. ते बुडणारे नव्हते, पण व्याजदर वाढल्याने त्यांचा भाव उतरला होता. ८ मार्च २०२३ रोजी, २१ अब्ज डॉलरांचे रोखे १.८ अब्ज डॉलर तोट्याने विकल्याचे तिने सांगितले. ९ मार्चला ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून नेले. १० मार्चला बँक बंद झाली. दोनच दिवसांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने इतर बँकांसाठी जी कर्जसोय उघडली, तीत तारणाची किंमत बाजारभावाने न धरता दर्शनी किमतीने धरण्यात आली, आणि व्याजही चढे नव्हते. बॅजटच्या सूत्रापैकी ‘सढळ हात’ तेवढा शिल्लक राहिला.

सूत्र मोडले याचे आम्हांस दुःख नाही. आपत्काळी नियम वाकवावे लागतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. जर मध्यवर्ती बँक दर वेळी येऊन सावरणार हे ठाऊक असेल, तर न विकल्या जाणाऱ्या मालावर ‘मागाल तेव्हा पैसे’ अशी पाटी लावण्याचा मोह वाढत जातो. पाटीमुळे येणारे गिऱ्हाईक आणि त्यावरील शुल्क फंडचालकाचे. पाटी खोटी ठरली तर बोजा मागे राहिलेल्या हिस्सेदारांचा आणि शेवटी सर्व जनतेचा. ही वाटणी न्यायाची नव्हे. तेव्हा उपाय अग्निशामक बंबाच्या आकारात नव्हे, तर घर बांधतानाच्या करारात शोधला पाहिजे. जो बाहेर पडतो त्याने आपल्या बाहेर पडण्याचा खर्च स्वतः सोसावा, हे ते तत्त्व. झुंबडीच्या दिवशी बाहेर पडणाऱ्यास थोडा कमी भाव द्यावा आणि तो फरक राहणाऱ्यांच्या हिश्श्यात जमा करावा, म्हणजे आमच्या वरच्या हिशेबातील साठ जणांना चाळीस जणांचे बिल भरावे लागणार नाही. आणि धावण्यात फायदा नाही असे कळले की धावणारेही पुष्कळसे थांबतील.

आपल्याकडे सेबीने या दिशेने पावले टाकली आहेत, हे नमूद करण्यास आम्हांस आनंद वाटतो. कर्जरोखे-योजनांनी काही किमान भाग सहज विकता येईल अशा रोख्यांत ठेवावा असा दंडक झाला. बाहेर पडणाऱ्यास कमी भाव देण्याचा नियम २०२१ मध्ये ठरून २०२२ पासून लागू झाला, आणि लहान गुंतवणूकदारास दोन लाख रुपयांपर्यंत त्यातून सूट मिळाली. २०२३ मध्ये संकटकाळी कंपन्यांचे रोखे विकत घेण्यासाठी ३३ हजार कोटींच्या आवाक्याचा एक स्वतंत्र फंडही उभारण्यात आला. मात्र कमी भावाचा नियम सक्तीने लागू होतो तो अधिक जोखमीच्या योजनांना, आणि बाजार विस्कळीत झाला आहे असे सेबीने जाहीर केल्यानंतर. चाणाक्ष आणि मोठे भांडवलवाले त्या घोषणेपूर्वीच पसार होतात, हा तर झुंबडीचा पहिला नियम. पूर येण्याची दवंडी पिटल्यावर धरणाचे दार उघडण्यासारखेच हे झाले. आमच्या मते हा नियम साध्या दिवसांतही, प्रत्येक मोठ्या रकमेच्या निर्गमनास, आपोआप लागू असावा. आणि ज्या योजनेचा माल महिन्याने विकला जाण्याजोगा असेल, तिने महिन्याची पूर्वसूचना मागावी. मालाची मुदत आणि वचनाची मुदत यांचा मेळ घालणे यात काही अपमान नाही. बँकेच्या मुदत ठेवीस मुदत असते म्हणून ती कोणी टाकाऊ मानीत नाही.

‘लॉम्बर्ड स्ट्रीट’विषयी आमचा निकाल असा. शैलीच्या दृष्टीने त्याची बरोबरी करणारा ग्रंथ या विषयावर आम्हांस दुसरा दिसत नाही. भीती ही उपदेशाने जात नाही, पैसे समोर ओतल्यानेच जाते, हे त्याचे मर्म आजही सत्य आहे. २७ एप्रिल २०२० ने तेच सिद्ध केले. परंतु तो ग्रंथ तिजोरीच्या आत उभा राहून लिहिलेला आहे. तिजोरीच्या बाहेर, रांगेत न शिरलेल्या माणसाच्या बाजूने, त्यात एक प्रकरण कमी आहे. त्या प्रकरणाचा विषय पत नव्हे, तारण नव्हे. न्याय हा त्याचा विषय. ते इंग्रजीत कोणी लिहील तेव्हा लिहो. मराठीत ते लिहिले जावे, आणि ज्यांच्या विश्वासावर या साऱ्या पेढ्या उभ्या आहेत त्या शांत, विश्वासू, न धावणाऱ्या कुटुंबांस ते वाचता यावे, अशी आमची इच्छा आहे. तोवर आमच्या वाचकांनी कोणत्याही फंडात पैसे घालण्यापूर्वी व्याज किती मिळेल या प्रश्नाच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा : माझ्याआधी सर्व जण निघून गेले, तर त्यांचा खर्च कोण भरणार?